बेल हाउसिंगखालचा थेंब आणि टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा

इंजिन चार सिलेंडरचं, टर्बो असलेलं, यांत्रिक इंजेक्शन पंपाचं डिझेल. तक्रार एकच. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या आवरणाच्या, खालच्या भोकातून ऑइल ठिबकतं. इथून थेंब पडला की ऐकणारा लगेच निदान करतो, क्रँकचं मागचं सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील सोडवा. आम्ही तिकडे वळलो नाही. बेल हाउसिंग हे इंजिनाच्या मागच्या बाजूचं अगदी खालचं टोक आहे, आणि ऑइल खाली ओघळतं, फॅनच्या वाऱ्याने मागे सरकतं. वर कुठेही निघालेला ओघळ शेवटी तिथेच येऊन ठेपतो. थेंब पडतो ती जागा आणि गळती असते ती जागा यांत हातभर अंतर सहज असू शकतं.

आधी थेंब कशाचा आहे ते ठरवायला हवं. त्याच भोकातून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचं ऑइलही येऊ शकतं. डिझेल इंजिनात हा फरक ओळखणं सोपं जातं, कारण काजळीमुळे नवं भरलेलं इंजिन ऑइलही थोड्याच तासांत काळं होतं. गिअर ऑइल तपकिरी किंवा मधाळ राहतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर थेंब टिपला. मधोमध काळा ठिपका आणि भोवती आकसलेलं तेलकट वर्तुळ दिसलं, म्हणजे इंजिन ऑइलच. डिझेल असतं तर डाग भराभर पसरला असता, कडा फिकट राहिल्या असत्या आणि वासाने लगेच कळलं असतं.

मग मोजमाप. गळती किरकोळ आहे की नाही हे जमिनीवरच्या डागावरून ठरवू नये. चमचाभर ऑइलही फरशीवर बशीएवढं पसरतं आणि माणूस घाबरतो. आम्ही भोकाखाली तारेने प्लॅस्टिकचा छोटा डबा टांगला, इंजिन दोन तास भारावर चालवलं आणि जमलेलं ऑइल सुई नसलेल्या सिरिंजने मोजलं. 6 मिली भरलं, म्हणजे तासाला 3 मिली. या इंजिनात ऑइल बदलण्याचा अवधी 250 तासांचा आहे, तेवढ्यात 750 मिली जाईल. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेतलं अंतर इथे सव्वा लिटरचं. दोन बदलांच्या मध्ये पातळी खालच्या खुणेखाली जाणार नाही, तेव्हा गळती किरकोळ. अर्थात डब्यात न येता इंजिनाच्या अंगावर पसरलेलं ऑइल या हिशेबात नाही. म्हणून डिपस्टिक रोज, इंजिन थंड आणि सपाटीवर असताना बघायची, हे त्याच दिवशी ठरलं.

किती ऑइल जातं याइतकंच ते कुठून जातं हेही महत्त्वाचं. इंजिनात ऑइलच्या दोन वेगळ्या बाजू असतात. टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), टायमिंग कव्हर, चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं), क्रँकची पुढची-मागची सीलं यांच्यामागे ऑइल फक्त उडतं आणि ओघळतं, त्याला दाब नसतो. फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल कूलर, टर्बोला ऑइल नेणारा पाइप यांच्यामागे पंपाचा 3 ते 5 बार दाब असतो. पहिल्या बाजूचा पाझर महिनोन्महिने पाझरच राहतो. दुसऱ्या बाजूला आज घाम दिसतो आणि उद्या वॉशर फुटला तर काही मिनिटांत चेंबर रिकामं होऊ शकतं. म्हणून दाबाच्या बाजूला ओल दिसली तर ती कितीही थोडी असो, काम पुढे ढकलायचं नाही. तसंच ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोच्या गरम आवरणावर पडत असेल तर थेंब मोजत बसू नये. ती आगीची तयारी आहे. इंजिन तिथेच बंद करायचं.

आता धुणं. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा. जुन्या ऑइलवर धूळ बसून अर्धा सेंटिमीटर जाडीचा काळा थर झाला होता. त्यात नवी गळती शोधणं म्हणजे चिखलात पाण्याचा थेंब शोधणं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. गरम इंजेक्शन पंपावर थंड पाणी मारलं तर बाहेरचं आवरण आकसतं, आतला प्लंजर गरमच राहतो आणि काही मायक्रॉनच्या फटीत तो धरला जातो. अल्टरनेटर, स्टार्टर, हवेच्या वाटेचं तोंड आणि वायरिंगचे कप्लर प्लॅस्टिकने बांधले. जाड थर लाकडी पट्टीने खरवडला, मग थोडं डिझेल आणि ब्रश, त्यानंतर पाण्यात विरघळणारा डीग्रीजर पंधरा मिनिटं, शेवटी पाइपच्या साध्या धारेने धुवून हवेने वाळवलं. प्रेशर वॉशर वापरला नाही, कारण त्याची धार सीलच्या ओठाखालून पाणी आत ढकलते. नुसत्या डिझेलने धुवून सोडलं तर त्याची ओल दोन दिवस राहते आणि तीच गळतीसारखी दिसते, म्हणून डीग्रीजर लागतोच. निघालेला गाळ गटारात न सोडता भुशात जिरवून डब्यात भरला.

वाळल्यावर संशयाच्या सगळ्या जागांवर टाल्कम पावडर फुंकली. टॅपेट कव्हरची कड, हेड आणि ब्लॉकचा सांधा, इंजेक्शन पंपाची फ्लॅंज, व्हॅक्यूम पंप, फिल्टरचा तळ, प्रेशर स्विच, टर्बोच्या दोन्ही ऑइल पाइपांचे जोड, आणि मागे हेडच्या खाली जितका हात पोचला तितकं. ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील दिवा हा दुसरा मार्ग, पण काजळीने काळ्या झालेल्या ऑइलमध्ये तो रंग फिका पडतो. डिझेलसाठी आम्हाला पावडर जास्त भरवशाची वाटते. फॅनमुळे पावडर उडू नये म्हणून पहिली वीस मिनिटं इंजिन आयडलवर ठेवलं, नंतर दहा मिनिटं वेग वाढवला.

नियम एकच आहे, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. बॅटरी आणि दांड्याचा छोटा आरसा घेऊन वरून खाली उतरत गेलो. टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, हेड आणि फायरवॉल (इंजिनामागची पत्र्याची भिंत) यांच्यामधल्या बोटभर फटीत, पावडरवर काळी रेघ उमटली होती. ती हेडच्या मागून उतरून बेल हाउसिंगच्या माथ्यावर जात होती. वरून उभं राहून पाहिलं तर हा कोपरा दिसतच नाही. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांचे बॅन्जो जोडही (पोकळ बोल्टने आवळलेले गोल जोड) बघून घेतले. ते कव्हरच्या अगदी शेजारी असतात, त्यांच्या वॉशरमधून डिझेल पाझरलं तर कड ओली होते आणि गॅस्केटवर नाहक आळ येतो. इथे ते कोरडे होते. इंजेक्टरच्या जाड नळ्यांपाशी मात्र गळती हाताने चाचपायची नाही, कधीच नाही. साध्या यांत्रिक पंपातही तिथे शेकडो बार दाब असतो, कॉमन रेलमध्ये दीड-दोन हजार. डोळ्यांना न दिसणारी धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. अशी इजा झाल्याचा नुसता संशय आला तरी दुखण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचं. त्या नळ्यांपाशी गळती तपासायला पुठ्ठा वापरायचा.

जागा सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही. इथे बहुतेकांचा पहिला हात पान्याकडे जातो, कव्हरचे बोल्ट अजून थोडे आवळून बघू. आम्ही पान्याला हात लावण्याआधी क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला, दाब मोजला. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली येतोच आणि तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. ब्रीदर तुंबला की हाच वायू मिळेल त्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. ऑइल भरायचं झाकण उलटं करून भोकावर ठेवायचं आणि ते नाचतं का बघायचं ही ओळखीची परीक्षा आहे, पण तिने आकडा मिळत नाही. दोन मीटर पारदर्शक नळी फळीवर इंग्रजी यू आकारात बांधली, अर्धी रंगीत पाण्याने भरली आणि एक टोक रबरी बुचातून डिपस्टिकच्या नळीत बसवलं. बाहू उंच ठेवावे लागतात, कारण ब्रीदर टर्बोच्या शोषणाला जोडलेला असेल तर उलटं शोषण होऊन पाणी इंजिनात जाऊ शकतं. सुरुवात आयडलवर, मग हळूहळू वेग.

पूर्ण वेगाला दोन बाहूंतल्या पाण्यात 14 सेंटिमीटरचा फरक आला. दिसायला हा दाब क्षुल्लक आहे, 1 बारच्या दीड टक्क्याहूनही कमी. पण तो सलग लागतो. दर चौरस सेंटिमीटरला 14 ग्रॅम, आणि कव्हरचं क्षेत्रफळ साधारण 750 चौरस सेंटिमीटर. म्हणजे साडेदहा किलोचा जोर कव्हरला सतत वर ढकलतोय आणि कडेला साचलेल्या ऑइलला बाहेरची वाट दाखवतोय. ब्रीदरचा पाइप काढला तेव्हा त्याच्या वळणावर काळा, लोण्यासारखा गाळ सापडला, पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. कव्हरवरच्या ब्रीदरच्या डब्यातली जाळी डिझेलमध्ये भिजवून हवेने साफ केली, गाळाने आतून फुगलेला पाइप नवा घातला. पुन्हा मोजलं, फरक 3 सेंटिमीटरवर आला. साफ ब्रीदरनेही आकडा उतरला नसता तर रिंगा आणि लाइनरची झीज, टर्बोचं सील किंवा इंजिनावर बसवलेला एअर कॉम्प्रेसर यांच्याकडे बघावं लागलं असतं, आणि तिथे कितीही नवं गॅस्केट घातलं तरी ते टिकलं नसतं. गॅस्केटचं दुकान गाठण्याआधी ही तपासणी करावी, असं आमचं ठाम मत आहे.

आता कव्हर. पत्र्याचं, दाबून केलेलं, 6 मिलिमीटरचे आठ बोल्ट, आत कॉर्कचं गॅस्केट. उघडण्याआधी भोवतीची धूळ हवेने उडवली, कारण कव्हर उचललं की ती थेट रॉकरवर पडते. बोल्ट टोकांकडून मध्याकडे थोडे थोडे सैल केले. कव्हर चिकटलं होतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की पत्र्याची कड वाकते आणि हेडच्या ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो, म्हणून रबरी हातोडीने बाजूने टिचक्या मारल्या. पुशरॉडच्या भोकांत धागे न सुटणाऱ्या कापडाचे बोळे बसवले आणि ते मोजून ठेवले, सहा. शेवटी सहाच बाहेर यायला हवेत.

जुनं गॅस्केट सगळी हकिकत सांगत होतं. बोल्टांच्या भोकांपाशी ते 2.2 मिलिमीटरपर्यंत चेपलेलं, दोन बोल्टांच्या मध्ये 4 मिलिमीटर, आणि सगळीकडे बिस्किटासारखं कडक. कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट पुन्हा पुन्हा आवळले होते. पत्रा बोल्टाखाली खचतो, दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखा उचलला जातो, आणि गळती त्या कमानीतून वाढते. आवळणं वाढेल तशी कमान वाढते. कडेवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातलं तर मागच्या कोपऱ्यात 0.9 मिलिमीटरची पाती सहज गेली. कव्हर उलटं करून कडेखाली पोलादी ठोकळा धरला आणि भोकाभोवतीचे फुगवटे गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकत सपाट केले. तासभर हेच काम चाललं. शेवटी 0.15 ची पाती अडायला लागली तेव्हा थांबलो. ही पायरी गाळून नुसतं नवं गॅस्केट घातलं तर महिन्याभरात तोच थेंब परत येतो.

हेडची बाजू प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडली. पॉलिश पेपर किंवा ड्रिलवर लावायची घासणारी चकती इथे वापरायची नाही. तिचे कण चेंबरमध्ये जातात आणि बेअरिंग खातात. शेवटी ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन दोन्ही कडा पुसल्या. फवारा थेट मारला नाही, तो घाण धुवून आतच नेतो. बोटाला कोरडं आणि किंचित खरखरीत लागायला हवं.

नवं गॅस्केट 5 मिलिमीटर जाडीचं. गॅस्केटचा गोंद फक्त कव्हरच्या बाजूला, अगदी पातळ. शिवाय चार ठिकाणी गॅस्केट शिलाईच्या दोऱ्याने कव्हरच्या बोल्टभोकांना बांधलं, कारण मागचा कोपरा बसवताना दिसत नाही आणि तिथेच ते आत सरकतं. वजन ठेवून अर्धा तास वाळू दिलं. हेडची बाजू कोरडी ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना ते फाटत नाही. कॉर्कला सिलिकॉन चोपडू नये. त्यावर कॉर्क घसरतं, आवळताना बाहेर येतं, आणि आत दाबली गेलेली सिलिकॉनची वळी सुटून चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसते. काही इंजिनांत कॅमच्या टोकाला अर्धगोल रबरी बूच असतो, तिथल्या दोन कोपऱ्यांना 2-3 मिलिमीटरचा थेंब लागतो. तेवढ्यापुरतंच सिलिकॉन, आणि मग ते वाळायला डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ द्यायचा.

सहा बोळे मोजून काढले आणि कव्हर सरळ वरून टेकवलं. आठही बोल्ट आधी बोटांनी लावले, मग मध्यापासून टोकांकडे, तीन टप्प्यांत 3, 6 आणि 9 न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा घ्यावा. 10 सेंटिमीटरवर धरलेल्या पान्याला 9 किलोच्या आसपास ओढ म्हणजे 9 न्यूटन मीटर. मनगटाचं काम आहे, खांद्याचं नाही. 6 मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियममधले आटे घेऊन बाहेर यायला फार जोर लागत नाही. इंजिन चालवून गरम केलं, पूर्ण गार होऊ दिलं आणि पुन्हा 9 ला तपासलं. कॉर्क पहिल्या गरमीत बसतं, जवळजवळ प्रत्येक बोल्ट थोडा फिरला. दहा तासांनी आणखी एकदा तपासलं, त्यानंतर हात लावला नाही. खांदा असलेल्या बोल्टांवर रबरी गॅस्केट बसत असेल तर हे पुन्हा आवळणं करायचं नसतं. तिथे खांदा टेकला की काम झालं.

पावडरच्या तपासणीत आणखी एक जागा ओलसर निघाली होती, ऑइल प्रेशर स्विच. ऑइल आट्यांमधून नाही तर स्विचच्या प्लॅस्टिकमधून, वायरीच्या टोकाशी पाझरत होतं. म्हणजे आतला पडदा गेला. हा आवळून बरा होत नाही, आणि ही दाबाची बाजू, म्हणून त्याच दिवशी बदलला. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली नाही. एका वायरीच्या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, आणि टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत जाऊ शकतो. पहिला आटा सोडून पुढच्या दोनांवर द्रव सीलंटचा हलका हात पुरतो.

एवढं सगळं टाळून बाटलीतलं औषध ऑइलमध्ये ओतावं का? ते रबर फुगवतं. कडक झालेल्या रबरी सीलला काही दिवस आराम पडतो, वाकलेल्या पत्र्याला आणि कॉर्कला काहीच फरक पडत नाही. जाड ग्रेडचं ऑइल घालणं तर नकोच. थंडीत ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं.

गळती आहे म्हणून वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरून ठेवायची सवय आणखी वाईट. क्रँक त्यात आपटतो, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरमधून हवेच्या वाटेत जातो. डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं. चावी बंद केली तरी थांबत नाही आणि वेग वाढतच जातो. तेव्हा हवेची वाट बंद करणं हाच उपाय उरतो, तोही फळीने किंवा जाड पत्र्याने, हाताने नाही. म्हणून भर घालताना 250 मिली ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक बघायची.

पन्नास तासांनी डबा पुन्हा टांगला. दहा तासांत 1 मिलीपेक्षा कमी जमलं. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातली पावडर पांढरीच होती, म्हणजे उरलेला पाझर खरोखर मागच्या सीलचा. तो आम्ही तसाच ठेवला. फ्लायव्हीलवरून उडून क्लच प्लेट भिजवेल इतकं ऑइल तिथे येत नाही, आणि क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरणारच आहे. तेव्हा सीलही बदलायचं. क्रँकवर जुन्या ओठाने खाच पाडली असेल तर, जागा असल्यास, नवं सील दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं. खाच नखाला लागत असेल तर वर पातळ स्लीव्ह चढवावी लागेल. साध्या रबरी ओठाला ऑइलचा हात लावायचा, टेफ्लॉनच्या ओठाचं सील मात्र कोरडंच बसवायचं.